पाढ्यांच्या चालीतलं फ्रेंच

आता हसायचं असेल तर आधी चहा संपवा, मग सांगते. मला फ्रेंच येतं, असं महाप्याची आमची अख्खी कंपनी काही दिवस मानत होती!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलेजात आम्ही फ्रेंच का घ्यायचो? स्कोअरिंग म्हणून! तोंडी परीक्षा नाही, नुसता लेखी पेपर. बाईंनी नोट्स दिल्या, आम्ही घोकल्या. नेरूळच्या आमच्या वनरूममध्ये बाबा माझ्याकडून क्रियापदं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे. एकेक अक्षर तोडून, ठणठणीत! "नाउस पार-लोन्स! वाउस पार-लेझ! इल्स पार-लेन्ट!"

शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय छान स्तोत्र आहे हो!"

पुढे महाप्याला नोकरी लागली. कंपनीत फ्रान्सहून मशीन आलं, ते जोडायला आंद्रे नावाचा इंजिनिअर येणार होता. साहेबांनी विचारलं, "फ्रेंच कुणाला येतं?"

माझा हात वर!

"मग ट्रेनिंगला फ्रान्सला तुमीच जायचं, मॅडम. टेन्शन खतम!"

अहो, मी विमानात कधी बसले नव्हते. बाबांनी त्याच संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले. आता माघार कशी घेणार?

आंद्रे आला. मी हार घातला आणि सुरू झाले, थेट बाबांच्या चालीत. तो आधी चमकला. मग त्याने हात जोडले. मी आणखी जोरात! त्याने डोळेही मिटले. साहेब कौतुकाने बघत होते.

माझं संपल्यावर तो इंग्रजीत म्हणाला, "वा! किती सुंदर आहे तुमची मराठी! मला शिकवाल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. फ्रेंचमध्ये शेवटची कितीतरी अक्षरं नुसती लिहायची असतात, बोलायची नसतात, हे मला कुठे माहीत? पेपरात कुणी विचारलंच नव्हतं!

फ्रान्सला साहेब स्वतः गेले. मला काम मिळालं आंद्रेला मराठी शिकवायचं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माणूस हुशार. बघता बघता कॅन्टीनमध्ये "भाऊ, आमटी वाढा" म्हणायला लागला.

निरोपाच्या दिवशी तर चक्क मराठीत भाषण केलं त्याने. "ताईंनी छान शिकवलं. आता मला सगळं समजतं."

टाळ्या! माझी मान ताठ.

"फक्त ताई पहिल्या दिवशी बोलल्या ना, ती मराठी अजून नाही समजली."