कोण आहे बे तिकडे?

दिगंबर हरदासला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये सगळे मराठी लोक ओळखत होते आणि घरी कुणीच बोलावत नव्हतं. यात माझा वाटा मोठा आहे, तो मी सांगणारच आहे. पण आधी माणूस सांगते.

२००१च्या उन्हाळ्यात तो आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आला. नागपूरचा, वय अडतीस, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. सामान म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि एक कॉम्प्युटर. मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. मला या देशात काम करायची परवानगी नव्हती, बोलायची होती. त्यामुळे आठवड्याभरात त्याची सगळी माहिती माझ्याकडे जमा झाली.

"काम काय करता?" मी विचारलं.

"गेम बनवतो, वहिनी."

मला वाटलं, कॅरम बोर्ड बनवतो की काय हा माणूस. मग कळलं, व्हिडिओ गेम.

सत्त्याण्णव साली तो बायको हिमानी आणि तीन वर्षांची यामिनी यांना घेऊन अमेरिकेत आला होता. कन्सल्टन्सीवाले त्याला सहा महिने इथे, चार महिने तिथे असे फिरवायचे. फिनिक्सजवळच्या चँडलरला हिमानीला चांगली नोकरी लागली आणि तिनं पुढच्या गावाला यायला नकार दिला. पुढे घटस्फोट झाला, यामिनी आईकडे राहिली, हिमानीनं दुसरं लग्न केलं. चूक कुणाची ते मला माहीत नाही. हिमानीला मी एकदाही भेटलेले नाही, म्हणून तिच्याबद्दल तोंड बंद ठेवते. माझ्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

दर रविवारी अकरा वाजता दिगंबर खालच्या पॅटिओत उभा राहून चँडलरला फोन लावायचा. मी चोरून ऐकत नव्हते. त्याच्या त्या आवाजाला चोरून ऐकायची गरजच नव्हती. "यामू, जेवलीस का? काय जेवलीस? शाळेत काय झालं?" पलीकडून काय येत असेल ते त्याच्या "अच्छा, अच्छा" वरून कळायचं. पहिल्या वर्षी हा फोन अर्धा तास चालायचा.

त्या वर्षी आयटीतल्या नोकऱ्या पटापट जात होत्या. दिगंबरची कन्सल्टन्सीही तो इथे यायच्या आधीच बुडाली होती. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की देशच सोडावा लागतो. तो नागपूरला गेला असता तर लेक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहिली असती. शंभर अर्ज केल्यावर त्याचा व्हिसा घ्यायला एकच कंपनी तयार झाली, इथली क्रुकेड पाइन स्टुडिओ.

ही कंपनी कॉलेजातल्या चार मित्रांनी गालिच्यांच्या एका दुकानामागच्या दोन खोल्यांत काढली होती. ते मुलांसाठी गणिताचे गेम करायचे. बेरीज बरोबर आली की बेडूक पुढच्या पानावर उडी मारायचा, चुकली की पाण्यात पडायचा. दिगंबरनं पहिलं वर्ष त्या बेडकाच्या उड्या नीट करण्यात घालवलं. यामिनीनं तो गेम खेळून त्याला हिरव्या बेडकाचं चित्र पाठवलं, ते फ्रिजवर लागलं. मला तो वर येऊन बोलावून घेऊन गेला, चित्र दाखवायला. एवढं खूश मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

पण बेडकाचा धंदा बसला. तसले गेम नेटवर फुकट मिळायला लागले. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या प्रकाशकानं चार मित्रांना सांगितलं, लढाईचा गेम करा, पैसे आम्ही घालतो. त्या दिवसांत देशाला लढाईच हवी होती. मग बेडूकवाले रणगाडे करायला लागले. सातांचे साठ लोक झाले, पुढचं गालिच्यांचं दुकानही कंपनीनं घेतलं, आणि दिगंबरच्या ग्रीन कार्डाची फाइल दाखल झाली. त्या फाइलवर त्याचा जीव टांगलेला होता. कंपनी जगली तर फाइल जगणार, फाइल जगली तर तो यामिनीच्या देशात राहणार.

त्यांच्या धंद्यात 'क्रंच' नावाचा प्रकार असतो. गेम बाजारात जायच्या आधी महिनोन्‌महिने रविवार नाही, सण नाही, घर नाही. २००४मध्ये हा प्रकार मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. चँडलरला जायचं जुलैचं तिकीट त्यानं जूनमध्येच रद्द केलं.

"कॅन्सल केलं, वहिनी. गेम वेळेवर गेला नाही तर पब्लिशर पैसे थांबवते."

"अहो, पण ती वाट बघत असेल ना?"

"असेल. पण कंपनीच राहिली नाही तर मग काय करता?"

लेकीच्या देशात राहायला मिळावं म्हणून तो लेकीला भेटत नव्हता. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्या जागी मी काय केलं असतं तेही सुचायचं नाही.

त्याच काळात तो एकदा माझ्याकडे गोधडी मागायला आला. त्या गेममध्ये एका काल्पनिक देशाचे सैनिक होते, दिसायला अतिरेक्यांसारखे. ते आपसात काहीबाही बोलणार, पहारा देणार आणि खेळणाऱ्याच्या गोळीनं मरणार. नट लावायला पैसे उरले नव्हते. दिग्दर्शक दिगंबरला म्हणाला, तुझ्या भाषेत बोल, इथे कुणाला काय कळतंय! मग कपाटाएवढ्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून, भिंतींना गोधड्या लावून या गृहस्थानं दोन दिवस शत्रूचे आवाज दिले. शत्रू बोलणार तो अर्थातच नागपुरी. "कोण आहे बे तिकडे?" "कोणी नाही, वारा असंन." "पाय दुखून राहिले यार." "जेवण कधी येते बे?" हे सगळं त्यानं मला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून करून दाखवलं. मी हसून हसून ओट्यावर वाकले.

गेम नोव्हेंबरात आला आणि तुफान चालला.

आता माझा वाटा. २००५च्या गणपतीला इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे विष्णूकाकांच्या, घरी आरती झाली. वर मसालेभाताची पंगत आणि खाली बेसमेंटमध्ये मुलं टीव्हीसमोर. सतरा वर्षांखालच्यांनी खेळू नये असं त्या गेमच्या डब्यावर लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे लिहिलेलं वाचतं कोण? एकदम खालून आवाज आला, "कोण आहे बे तिकडे?" आणि पाठोपाठ गोळ्या. सगळ्यांचे घास हातात राहिले. अतिरेकी मराठी बोलतोय!

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. मी मोठ्यांदा ओरडले, "अय्या, हा तर आपला दिगंबर!"

दिगंबर दारातच होता, हातात श्रीखंडाचा डबा. आधी सगळे हसले, तोही हसला. मग विष्णूकाका म्हणाले, "आपली मातृभाषा अतिरेक्यांच्या तोंडी घालायला लाज नाही वाटली?" दिगंबरनं डबा टेबलावर ठेवला. कुणी त्याला "बसा" म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी विष्णूकाकांची चार पानी ईमेल सगळ्या मंडळाला गेली आणि त्यानंतर दिगंबर कुठल्याच कार्यक्रमाला आला नाही. मी शिरा घेऊन खाली गेले तेव्हा म्हणाला, "तुम्ही खरं तेच बोलल्या, वहिनी." शिरा खाल्ला, वाटी घासून परत केली. मला स्वतःचा इतका राग आला, आणि अजूनही येतो.

मग त्याच्याकडे फक्त ऑफिस आणि रविवारचा फोन उरला. फोन आता चार मिनिटांवर आला होता. यामिनी इंग्रजीत उत्तर द्यायची, हा मराठीत विचारायचा. "जेवलीस का?" नंतर त्याला दुसरं काही सुचायचं नाही. मला वर बाल्कनीत उभं राहून त्याला प्रश्न सुचवावेसे वाटायचे.

२००६मध्ये प्रकाशकानं अख्खा स्टुडिओच विकत घेतला. चार मित्र श्रीमंत झाले आणि निघून गेले. नवे मालक, नवे वकील, त्यामुळे दिगंबरची फाइल पुन्हा पहिल्या पायरीवर. गेम खेळायची नवी यंत्रं आली, गेम करायचा खर्च तिप्पट झाला, लढाईच्या गेमचा दुसरा भाग दोन वर्षं नुसता लांबत राहिला. २००८च्या फेब्रुवारीत एका सकाळी सगळ्यांना पुढच्या मोठ्या खोलीत बोलावलं आणि स्टुडिओ बंद झाल्याचं सांगितलं. सामान भरायचे खोके आधीच आणून ठेवले होते.

बाकीच्यांना कुठे ना कुठे काम लागलं. दिगंबरला कामं मिळत होती, पण व्हिसाचं नाव निघालं की समोरचा माणूस फोन ठेवायचा. मार्चअखेर त्यानं नागपूरचं तिकीट काढलं, मुद्दाम फिनिक्सवरून. हिमानीनं यामिनीला एअरपोर्टवर आणलं. पंचवीस मिनिटं मिळाली.

"काय बोललात?" मी त्याला फोनवर विचारलं.

"जेवलीस का विचारलं."

"मग?"

"'यॅ' म्हणाली, इंग्रजीत. उंच झाली, वहिनी. कानात ते गाण्याचं होतं, एका बाजूचं काढलं तिनं."

नागपूरहूनही तो दर रविवारी फोन करायचा. सप्टेंबरपासून यामिनी उचलेनाशी झाली. त्यानं मला कळवलं, 'ती बिझी असते.' एवढं एकच वाक्य. मी ते वाचून रडले आणि विष्णूकाकांच्या दिवाळीला गेले नाही. त्यानं काय होणार होतं म्हणा!

डिसेंबरात एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रेखा मावशी? धिस इज यामिनी. बाबानी तुमचा नंबर दिला होता, फॉर इमर्जन्सी."

"काय झालं गं?"

"नथिंग. आय मीन..." ती मैत्रिणीच्या घरी होती. मैत्रिणीच्या भावाचा जुना गेम दोघी खेळत होत्या. "मावशी, तो माणूस, द एनिमी. मी त्याला शूट केलं आणि तो माझं नाव म्हणाला."

"कुठलं नाव?"

"यामिनी नाही. दुसरं. नोबडी कॉल्स मी दॅट."

मी तो गेम कधी खेळले नव्हते. मला पहारेकऱ्याची बडबड ठाऊक होती. मरताना ते काय म्हणतात ते त्यानं मला करून दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. तिनं फोन टीव्हीजवळ धरला असावा. गोळ्या सुटल्या. एक जण "आई गं" म्हणून पडला. दुसराही "आई गं". मग पुन्हा गोळ्या, आणि तो खणखणीत आवाज, मी सात वर्षं बाल्कनीतून ऐकलेला, एकदम बारीक होऊन म्हणाला, "यामू..."

पलीकडे गेमचा आवाज बंद झाला.

"तो बाबा आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "तोच आहे."

"आय डिड इट लाइक ट्वेंटी टाइम्स," ती म्हणाली. "टू मेक शुअर." मला खूप काही बोलायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले.

"मावशी, इंडियाला फोन कसा लावतात? ऑलवेज तोच करायचा. मी कधी केलाच नाही."

"लिहून घे," मी म्हणाले. "शून्य एक एक. मग नऊ एक. मग सात एक दोन." मी एकेक आकडा सांगत गेले, ती मोठ्यानं म्हणत लिहीत गेली. नागपुरात पहाटेचे पाच वाजत होते. ते मी तिला सांगितलं नाही.