ड्रम डाव्या कानात

आमच्या घरात एका इंग्रजी रॉक अल्बमवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी वाटणीवरून झाली नाहीत. वाटायला काही नव्हतंच, हा भाग वेगळा.

कॅसेट दादाने आणली. कारखान्यात, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये नोकरी लागल्याच्या आनंदात तो पिंपरी कॅम्पात हिंदी गाणी घ्यायला गेला आणि वेष्टणावरची चार केसाळ, उपाशी दिसणारी पोरं पाहून हीच घेऊन आला. "आपल्या शिफ्टमधलीच वाटतात," म्हणाला. ती खरोखरच कारखान्यांच्या गावातली होती, हे मी पुढे वाचलं. हेही वाचलं की रेकॉर्डिंगच्या वेळी गाणारा आणि ड्रमवाला एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप बेस गिटारवाल्यामार्फत जात. पण ऐकताना ते कळत नाही. गाणारा प्रत्येक ओळ किंचित उशिरा उचलतो, ड्रमवाला त्याच्यासाठी थांबत नाही, आणि कडवं संपताना दोघं बरोबर एकत्र येतात. भांडलेली माणसं एवढी सांभाळून घेताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

मी गाणाऱ्याच्या बाजूचा. दादा ड्रमवाल्याच्या.

"त्याला काढ, मग बघ तुझा गाणारा कसा घसरतो."

"आणि गाणारा काढला तर? नुसती बडवाबडवी."

"बडवायला अक्कल लागते शहाण्या. आमच्या खात्यात ये एकदा."

त्याच्या खात्यात अक्कल कानात असे. पत्रा तिरका बसला की प्रेसचा आवाज बदलतो, आणि तो ऐकू आला तर डाय, म्हणजे खालचा महागडा साचा, वाचते. म्हणून तिथले जुने लोक कानातलं बूच एकाच कानात घालत. उजवा कान बंद, डावा कान कंपनीचा. भोसरीत तेच, पुढे चाकणला तेच. दर वर्षी सुरक्षा सप्ताह व्हायचा. पाहुण्यांना हार, सामूहिक शपथ आणि बुचांचं वाटप, हे सगळं इतक्या मोठ्या लाउडस्पीकरवर की बुचं आधी तिथेच लागायची. शपथ घेऊन लोक खात्यात परतत आणि डाव्या कानातलं बूच काढून खिशात टाकत.

कॅसेट झिजून गेली. मग मी म्हणायचो, चांगलं यंत्र घेऊ, मग नीट ऐकू. दादा म्हणायचा, "रिटायर होऊ दे, मग मांडी घालून ऐकतो." दोघांनाही घाई नव्हती.

तो निवृत्त झाला तेव्हा यंत्र आलं. अल्बमची नवी आवृत्तीही तबकडीवर आली, सोबत जाड पुस्तिका. या संगीताने मानवजातीची दिशा बदलली, असं तिच्यात लिहिलं होतं. आमच्या चिखलीत तरी तसं काही जाणवलं नव्हतं. रविवारी दादा आला. तोपर्यंत त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. फोन तो उजव्याच कानाला लावायचा. आधी स्पीकरवर लावलं. "सगळी खिचडी झालीय रे," तो म्हणाला. म्हणून मी भारीतला हेडफोन काढला आणि त्याच्या डोक्यावर चढवला.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग जोरात म्हणाला, "ड्रम कापले का रे नव्यात?"

मी हेडफोन काढून स्वतःला लावला. ड्रम होते. पण सगळे डावीकडे. त्या काळी असंच रेकॉर्ड करत, गाणारा एका बाजूला, ड्रम दुसऱ्या. आमच्या कॅसेट प्लेअरला स्पीकरच एक होता, त्यामुळे हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. मी हेडफोन उलटा करून परत त्याला घातला.

आता त्याचा चेहरा उजळला. बोटं मांडीवर चालू लागली. हळूहळू ती थांबली.

"आता गाणारा गेला."

"हो. तो आता त्या बाजूला आहे."

"दोघं एकदम नाही का येत?"

"येतात," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं, नुसतं ड्रमचं. हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. "एकटाच वाजवतोय रे. कोणासाठी वाजवतोय तेच कळत नाही. तुझं बरोबर होतं. गाणारा लागतो."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची मी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. आता ते कुठे ठेवावं कळेना. मी म्हणालो, "नाही दादा. खरं तर तो अल्बम ड्रमवाल्याचाच आहे. मी नुसता वाद घालायचो."

"गप ए," तो म्हणाला. "हरलोय तर हरू दे. दया नको दाखवूस."

आणि चपला घालून, दुसरी बाजू न ऐकताच घरी गेला.