खडू का गूळ

नानांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं, खडू असायचा. शाळेतला पांढरा खडू. बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला खडू कशाला लागतो, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला आणि मी तो विचारूनही टाकला. गप्प बसायची सवय मला नांदगावच्या शाळेत छड्या खाऊनही लागली नव्हती.

"नाना, इथं वर्गपण घेता का?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. खिशातून खडू काढला, माझ्या कानाजवळ आणला आणि मोडला. टक्.

"ऐकलं? चाप असा सुटला पायजे. दाबत ऱ्हायचं, दाबत ऱ्हायचं, कायबी हालत नाय, आन् मग टक्. कवा सुटला ते ओढणाऱ्यालाबी आदी कळू नये." मग समोरची रिकामी रायफल माझ्या हातात दिली. "ओढ. खडू का गूळ?"

"गूळ म्हणजे?"

"उन्हाळ्यातली ढेप. बोट आत जातंय, जातंय, कुठं संपतंय पत्ताच नाय. तसा चाप आसला का नेम गेला समज."

मी ओढला. टक् झालं. "खडू," म्हणालो. नानांनी खडूचे दोन्ही तुकडे खिशात टाकले आणि माझी तिथली भरती पूर्ण झाली.

हे गांगुर्डे नाना. देवळाली कॅम्पाच्या कडेला एक लष्करी वर्कशॉप होतं, तिथले आर्मरर. वर्दी नाही, खाकी शर्ट आणि सायकल. नाशिकरोडच्या एका वसाहतीतून रोज सायकलीवर यायचे. मी तिथला टायपिस्ट. ऑफिसात रंगकाम निघालं म्हणून माझं टेबल चार दिवसांसाठी नानांच्या बाकाशेजारी सरकवलं, ते परत कुणी उचललंच नाही. नाना मला नावाने हाक मारत नसत. "ए नांदगाव" म्हणत. गावाकडे चाललो की मला वाटायचं, मी माझ्याच अंगात बसून चाललोय.

"खडू का गूळ?" हा नानांचा प्रश्न साऱ्या कॅम्पाला पाठ होता. दुरुस्त झालेली रायफल न्यायला जवान आला की आधी चाप ओढून उत्तर द्यायचं, मगच सही. केरळचा असो की पंजाबचा, खडू आणि गूळ हे दोन मराठी शब्द त्याला यायचेच. बहुतेकजण घाबरून खडूच म्हणायचे. नाना मला म्हणायचे, "तुझ्या जिभेला हाड नाय, नांदगाव. तू कुणाला भीत नाय. म्हणून तुला इचारत आसतो."

मी नकला करायचो. मेजरसाहेबांची, स्टोअरकीपरची, शाळेतल्या मास्तरांची, आणि सगळ्यात जास्त नानांची. एक पाय स्टुलावर, मान तिरपी, डोळे मिटून बंदुकीला कान लावलेला. त्यातला सगळ्यात जास्त हशा कुठे, तर चहाला. नाना उकळत्या चहाचा काचेचा ग्लास उजव्या हाताच्या बोटांत धरायचे आणि बोलत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आम्ही रुमाल गुंडाळून धरायचो, यांना काहीच नाही! मी गार पाण्याचा ग्लास घेऊन तसंच बसायचो, तोंड एकदम शांत ठेवायचो, आणि कॅन्टीन लोळायचं.

मग एक दिवस मेजरसाहेब परदेशी मासिक घेऊन आले. त्यात एका आखूड रायफलीचा फोटो होता. गोळ्यांचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं ते हिच्यात मागे, जवळजवळ खांद्यापाशी. नळी तेवढीच लांब, पण अख्खी बंदूक वीतभर कमी. साहेबांचं म्हणणं असं, की तोफा ओढणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये जवानांना लांब रायफल घेऊन बसता येत नाही, उतरताना दरवाजात अडकते. तर आपल्या जुन्या रायफलीला असं करता येईल का? नमुना करून दाखवा. "बुलपप कहते हैं इसको."

साहेब गेल्यावर नानांनी मला विचारलं, "ते काय म्हणाले रे? बुल काय?"

"बैलाचं पिल्लू, नाना."

"बैलाला कवापासून पिल्लं व्हाया लागली?"

"तीच तर अडचण आहे."

नाना इतके हसले की स्टुलावरून उतरावं लागलं. त्या दिवसापासून त्या बंदुकीचं नाव पिल्लू.

नानांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षसुद्धा उरलं नव्हतं. एकदा जेवताना, भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यानं केलेल्या बंदुका नीट केल्या. आपल्या हातची एक पण नाय. ही एक झाली ना, का कागदावर नाव येईल. रिपोर्ट तूच टायपिणार ना? नाव नीट लिव." त्यांचं काय पणाला लागलं होतं ते मला तिथेच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

पण पिल्लू सरळ नव्हतं. नाना फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यांनी ही पोटातूनच अशी जल्माला घातली. आपण वाढलेल्या माणसाला घडी घालतोय. घडी घातली का चुणी पडणारच. ती कुठं पाडायची, येवढंच आपल्या हातात."

आणि चुण्या पडतच गेल्या. गोळी आता गालाशेजारी फुटणार, म्हणून कानठळ्या. गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावऱ्याने बंदूक खांद्याला लावली की ती गरम पुंगळी थेट त्याच्या तोंडावर. नानांनी मला डावरा करून बसवलं आणि बाजूने हळूच खिळा गालावर फेकला. "ही चुणी निघत नाय," म्हणाले. "साहेबाला आदीच सांगून टाकू, डावऱ्याच्या हातात देऊ नका." खांद्याला टेकणारा दस्ता सरळ झाल्यामुळे नेम धरायची माशी वर उचलावी लागली. झोपून मारताना मॅगझिन बदलायचं तर हात काखेत घालायला लागायचा. मी त्याची नक्कल केली, काखेत उवा शोधल्यासारखी, तर नाना म्हणाले, "हस हस. पण ध्यानात ठेव, हे रिपोर्टात येणार."

एकच चुणी नानांना आपली वाटत होती. चाप पुढे गेला आणि गोळी सोडणारी कळ राहिली मागे, दस्त्यात. दोघांना जोडायला मधे लांब सळई टाकली होती. बोट इथे दाबतंय आणि काम तिकडे हातभर लांब होतंय. सळई जरा वाकली, जरा घासली, की झाला गूळ. "बाकीचं पिल्लाच्या जातीतच हाय," नाना म्हणायचे. "हे मात्र माझं काम. हे खडू व्हतंय. वेळ लागंल, पण व्हतंय."

चाचणीच्या आठवड्यातली गोष्ट. कॅन्टीनमध्ये मी रंगात आलो होतो. गार पाण्याचा ग्लास बोटांत, तोंड शांत, "चाप असा सुटला पायजे" चाललं होतं. सगळे हसत होते आणि एकदम अर्धे थांबले. मागे नाना उभे. तेही हसले. म्हणाले, "बारीक बघतो रे तू." आणि चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाच्या ग्लासाला रुमाल गुंडाळला.

तो रुमाल मी बघितला. मला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं. एवढ्या प्रेमाने वागवतो आणि आपण त्याचा तमाशा केला. माफी मागायची तर ते मला येत नव्हतं, मला फक्त नकला येत होत्या. दिवसभर ठरवत होतो की काहीतरी गोड बोलू.

संध्याकाळी नानांनी पिल्लू माझ्या हातात दिलं. रिकामंच. बाकी सगळे गेले होते. दारात मेजरसाहेब उभे होते. "नाना, परसों रेंज पे? या और टाइम चाहिए?"

"सांगतो साहेब, येक मिनिट," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "ओढ. खडू का गूळ?"

मी ओढला. बोट आत गेलं, जरा अडलं, अजून आत गेलं, आणि मग कुठेतरी मागे, दुसऱ्याच्या घरात भांडं पडावं तसं काहीतरी झालं. गूळ. शुद्ध गूळ. आंधळ्यालाही कळला असता. मला वाटलं, नानांना तर माझ्याआधी कळला असणार. तीस वर्षांचा हात आहे. साहेबांसमोर त्यांना माझं गोड उत्तर ऐकायचं असेल.

"खडू, नाना. एकदम खडू."

नानांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, फिटलं कालचं. ते साहेबांना म्हणाले, "तयार हाय."

गोळीबाराच्या रेंजवर सकाळी सगळे जमले होते. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात कोरा खडू. साऱ्या कॅम्पात नेमाला पहिला असलेला एक हवालदार होता, त्याच्या हातात पिल्लू दिलं. पाच गोळ्या. पहिलीनंतरच त्याने कान चोळला. पाच झाल्यावर कागद आणला, तर भोकं कागदभर पसरलेली. परत पाच. परत तेच. मॅगझिन बदलताना काखेत अडकलं, ते वेगळंच. हवालदार उठला. त्यानेही नानांच्या प्रश्नाला कितीतरी वेळा उत्तर दिलेलं होतं. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "नाना, ये तो गूळ है."

नानांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "माझी चूक साहेब. मी तपासलं नाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाकाजवळ बोलावलं. "टाचणी हाय का तुझ्याकडं?" टायपिस्टकडे टाचण्यांना काय तोटा! मी दिली. त्यांनी उजवा हात बाकावर उताणा ठेवला. चाप ओढायचं पहिलं बोट पुढे केलं.

"टोच."

"नाना..."

"टोच म्हणतो ना."

मी हळूच टोचली. "जोरात," म्हणाले. जोरात टोचली. रक्ताचा थेंब आला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, बोटाकडे बघतसुद्धा नव्हते.

"दोन वर्सं झाली. कायबी कळत नाय त्याला, बाकीच्या बोटांनाबी. ग्लास गरम का गार, चाप मऊ का कडक. डॉक्टरला दाखवलं तर बाकावरून उठवतील, म्हणून गप बसलो. डावं बोट अडाणी हाय, त्याला या कामातलं काय कळतं? म्हणून समद्यांना इचारायचो." त्यांनी रक्त शर्टाला पुसलं. "त्या दिवशी तू कॅन्टीनात माझा ग्लास दाखवला. मला वाटलं, या पोरानं वळखलं. जरा भ्यालो, खोटं कशाला बोलू. रुमाल गुंडाळला. मग वाटलं, वळखलं तर वळखलं, कुणाला बोलला नाय. आता हे पोरच माझं बोट."

 मी इतक्या वेळा तो ग्लास धरून दाखवला होता. मान किती तिरपी, भुवई किती वर, सगळं मला माहीत होतं. पण तो हात का भाजत नाही, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"नाना, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"नापास व्हणारच व्हतं रे पिल्लू. डावऱ्याचा गाल, कान, काख, त्याला माझ्याकडं विलाज नव्हता. पण चापावरून नको व्हतं. सळईला मधे आधार दिला आसता, आठ दिवसांचं काम. साहेब टाइम देतच व्हता. माझ्याकडून जेवढं नीट होतं तेवढं नीट करून नापास झालो आसतो, तर नाव लावून घेतलं आसतं."

रिपोर्ट मीच टायपला. इंग्रजीत. वरती 'बनवणारे' म्हणून गांगुर्डे यांचं नाव, पद, आणि त्याच्या खाली लगेच दोषांची यादी. पहिलाच दोष, चाप मऊ आणि अनिश्चित. नाना म्हणाले, मराठीत वाचून दाखव. मी वाचला. प्रत्येक दोषाला ते "बराबर" म्हणत गेले. पहिल्याला म्हणाले, "हे माझं."

"नाही नाना, हे माझं."

"तुझं नाव कुठं हाय त्याच्यात?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं.

पिल्लू स्टोअरच्या मागच्या रॅकवर गेलं, चिठ्ठी बांधून. नाना बाकावर आधीसारखेच बसायचे. मला "ए नांदगाव" म्हणायचे, डब्यातलं लोणचं द्यायचे. फक्त बाकावर तो प्रश्न त्यांनी मला परत विचारला नाही. दुसऱ्यांना विचारायचे, मी शेजारी टायपत असायचो.

नाना वारले त्याला आता दोन वर्षं झाली. वसाहतीत त्यांच्या घरी गेलो होतो, नानांच्या बायकोने, काकूंनी, दारातच "जय भीम, ये बाबा" म्हणून आत घेतलं, आणि म्हणाल्या, तुझ्या नकला फार सांगायचे. मी चहा नको म्हणालो. ग्लास धरवला नसता.

पण मला सांगायचाय तो त्यांच्या निवृत्तीचा, निरोपाचा दिवस. कॅन्टीनमध्ये हार, भाषणं, मेजरसाहेबांचं हिंदी. सगळं झाल्यावर नाना म्हणाले, "नांदगावला उठवा. माझी नक्कल झाल्याशिवाय मी जात नाय."

मी उठलो. पाय स्टुलावर ठेवला, मान तिरपी केली. लोक आधीच हसायला लागले. कुणीतरी हातात ग्लास दिला. गार पाण्याचा नव्हता, खरा, उकळत्या चहाचा. मी उजव्या हाताच्या बोटांत धरला. तोंड शांत ठेवलं. तीन मोजेपर्यंत धरला असेन. मग चटका असा बसला की ग्लास टेबलावर आपटला आणि चहा हारांवर सांडला. लोक टाळ्या पिटत हसले. त्यांना वाटलं, हा नवीन भाग आहे.

नाना हसले नाहीत. खिशातून खडू काढला, पण मोडला नाही. भर कॅन्टीनमध्ये मला विचारलं,

"आजची नक्कल. खडू का गूळ?"

बोटं भाजत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"गूळ, नाना."

"हां," नाना म्हणाले. "आत्ता खरं बोलला."

आणि खडू खिशात ठेवून सायकलीकडे गेले.