अझँकूरची लढाई आणि माझी टीप

नांदेडच्या स्टेशनवर बहिणीनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबला आणि म्हणाली, "साठी उलटल्यावर माणसं देवाला जातात, तू फ्रान्सला चाललीस, तेही शेत बघायला! कमाल आहे बाई तुझी." शेत बघायला हे खरंच होतं. चौदाशे पंधरा साली अझँकूर नावाच्या गावाबाहेर, एका नांगरलेल्या शेतात, इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंच घोडदळाची दाणादाण उडवली. लातूरच्या शाळेत ही लढाई मी वर्षानुवर्षं शिकवली. पुस्तकात ती नव्हतीच. मी आपली हौसेनं शिकवायची. टेबलाच्या दोन्ही कडांना जंगलं, मधे डस्टरचे घोडे आणि खडूचे बाण.

खरं कारण मात्र प्रकाश होता, आणि ते मी बहिणीला सांगितलं नव्हतं. त्र्याण्णवच्या पहाटेच्या भूकंपात प्रकाशची आई घराच्या दगडी भिंतीखाली गेली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला तेवढं उकरून काढलं. पुढे वसतिगृहात राहून तो नववीला माझ्या वर्गात आला. त्या दिवशी मी नेहमीसारखी रंगात आले होते. चिखलात पडलेल्या सरदारावर दुसरा पडतो, त्याच्यावर तिसरा, आणि खालचे चिलखतासकट गुदमरतात, असं हातवारे करून सांगितलं आणि शेवटी टीप लिहून दिली. प्रकाश उठला आणि न विचारता बाहेर गेला. मी मागून ओरडले, "लढाई झेपत नसेल तर जा सायन्सला!" सगळा वर्ग हसला. तो कुठल्या गावचा, हे मला शाळा सुटल्यावर आठवलं. तेव्हा लाज वाटली, पण मुलाची माफी कशी मागायची म्हणून गप्प बसले.

तो खरोखरच सायन्सला गेला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास उघडत होते, आणि इतिहासाच्या तासाला मुलं मांडीवर फिजिक्सची वही ठेवून बसायची. त्या रेट्यात प्रकाश इंजिनिअर झाला आणि नोकरीनं उत्तर फ्रान्सात पोचला. एक दिवस त्याचा फोन आला. "बाई, तुमची लढाई माझ्या घरापासून दीड तासावर हाय. या की." माफी मागायची राहिली होती. मी निघाले.

लील शहरात उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि आभाळ इतकं खाली होतं की दुपारी दिवे लावावे लागत. प्रकाश न्यायला आला होता. कानशिलावर केस पिकलेले, बोलणं मात्र अजून तेच. रस्त्याकडेच्या हॉटेलात त्यानं 'एंदीव' (एक कडवट पालेभाजी, इथे ती चीजमध्ये भाजतात) मागवली. दोन घास खाऊन मी चटणीचा डबा उघडला. त्यानं पावाला चटणी लावून खाल्ली आणि डबा आपल्याकडे ओढला.

दुसऱ्या दिवशी अझँकूरला गेलो. विटांची दहा-वीस घरं, एक चर्च, एक छोटं संग्रहालय. आत बाणांची टोकं, चिलखतं आणि फ्रेंचमध्ये लिहिलेले फलक होते. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. प्रकाश एका फलकापुढे इतका वेळ उभा राहिला की मी दारापर्यंत जाऊन परत आले. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "चला, शेत बघू."

शेत म्हणजे साखरेच्या बीटाचं रान. बीट काढून झालं होतं, उरला होता चिखल. बांधावर ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी प्रकाशकरवी विचारलं, "आत जाऊ का?" तो माझ्या कापडी बुटांकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?"

"जा म्हणतोय. बूट इथंच राहतील म्हणतोय."

वीस पावलांत माझा डावा बूट राहिलाच. आमच्याकडे पाऊस झाल्यावर काळ्या रानात चालावं तशी पायाला माती धरली होती. मोजा भिजला, कंबर धरली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी शिकवलेली लढाई मी कधी पाहिलीच नव्हती. प्रकाशनं वाकून बूट उपसून दिला. तेव्हा मी बोलून टाकलं.

"प्रकाश, त्या दिवशी मी तुला नको ते बोलले. चुकलं माझं."

"ढिगाचं ऐकून न्हाई उठलो बाई. तुम्ही टीप सांगितली होती. 'ओझ्याखाली सापडलेला माणूस एका मिनिटात जातो, त्याला काही कळत नाही.' मला लई बरं वाटलं. रडू आलं म्हणून भायेर गेलो."

टीप लिहून घेतल्याशिवाय आमच्या मुलांना शिकवल्यासारखं वाटत नसे. आणि एकदा टीप म्हटली की ती पाठ करायची, शंका विचारायची नाही. ते एक मिनिट कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढच्या बाकांवरची मुलं भेदरलेली दिसली म्हणून मी ते तिथल्या तिथे रचलं होतं.

"अण्णा म्हणायचे, तुझी माय दिवस वर येईस्तोवर हाका मारत होती," प्रकाश सांगत होता. "मी त्यांना वही दाखवली. म्हणलं, भास झाला तुम्हाला, बाईंनी लिहून दिलंय. तवापासून अण्णा त्याच्यावर बोललेच न्हाईत." त्यानं संग्रहालयाकडे पाहिलं. "आन् तिथं लिहिलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगात काही जण जित्ते होते. खरं काय बाई?"

इतकी वर्षं वर्गात मला कधी उत्तर अडलं नव्हतं. "मला माहीत नव्हतं रे," मी म्हणाले. "मी मनानं सांगितलं."

तो काडीनं बुटाचा चिखल काढत राहिला. मग म्हणाला, "अण्णांना तुम्ही सांगा. त्यांचं खरं होतं म्हणून. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

नांदेडला आल्यावर चौथ्या दिवशी मी लातूरची एसटी धरली आणि तिथून औशाच्या बाजूला, प्रकाशच्या पुनर्वसित गावी गेले. सारख्या आकाराची घरं, सरळ रांगा; ज्याला त्याला विचारत अण्णांचं दार सापडलं. "जयभीम, मास्तरीणबाई," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, स्वतः चहा ठेवला. मी उशीर न करता माझी चूक सांगितली. ती टीप मी रचलेली होती, तुम्ही ऐकलेल्या हाका खऱ्या होत्या, मला क्षमा करा.

अण्णांनी चहा कपात ओतला.

"म्हाईत हाय मला. ह्या कानानं ऐकलंय, मला कोण काय सांगणार?" ते म्हणाले. "पोरगं रातरात झोपत नव्हतं. वही घिऊन आलं, त्या दिवसापास्नं झोपाय लागलं. मग म्या कशाला बोलू?"

मी कप घेतला तसे ते पुढे म्हणाले,

"तेवढं एक करा बाई. त्याला नका सांगू. त्याचं मिनटाचंच राहू द्या."

प्रकाशला ते शेतातच कळलंय, हे न सांगता मी "बरं" म्हणाले. चहा संपवला आणि आले त्या वाटेनं नांदेडला परत आले. फ्रान्सचे फोटो बघायला शेजारणी दोनदा येऊन गेल्या. प्रकाशला आता झोप लागते का, हे विचारायला मला अजून फोन करवलेला नाही.