आईचा व्हिडिओ आणि सुनीलचं पेटंट

रविवारी माहेरी पारोळ्याला गेले होते... आणि डोकं तापवून जळगावला परत आले.

माझ्या धाकट्या भावाचं, सुनीलचं, तिथे वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. कपाशी वेचून झाली की शेतात उरलेल्या वाळक्या झाडांच्या पऱ्हाट्या मुळासकट उपटाव्या लागतात, त्यासाठी त्याने एक अवजार बनवलं. दांडा धरून खेचायचं, की पऱ्हाटी बाहेर. मीच मागे लागले, पेटंट घे म्हणून.

मग पेटंटच्या वेबसाइटचा ताप सुरू झाला... ड्रॉइंग पुन्हा काढा, सही इथे नको तिथे करा, फाइल अपलोडच होत नाही. शेवटी पुण्याचा एक एजंट गाठला, त्याने अर्ज केला. मग नुसती वाट बघणं.

आता पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला. अवजार नवीन नाही, अर्जाच्या आधीच ते सगळ्यांनी पाहिलंय... आणि पुरावा म्हणून एका व्हिडिओची लिंक.

उघडली, तर आमची आई! डोक्यावर पदर, हातात सुनीलचं अवजार, मागे आमचंच शेत. अर्जाच्या कितीतरी आधी तिने हौसेने फेसबुकवर टाकलेला.

एजंटला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "घरच्यांनी दाखवलं तरी ते जाहीरच झालं, मॅडम. आता पेटंट मिळणं अवघड आहे."

म्हणजे ज्याने बनवलं, त्याच्याच आईने दाखवलं म्हणून ते नवीन नाही... मी नको नको ते बोलले. आईला, एजंटला, दिल्लीपर्यंत सगळ्यांना.

आई म्हणाली, "मना पोऱ्यानी बनाडं, मी लोकेस्ले दखाडं. त्यामा काय चुकनं?" आणि "डिलीट करी टाकस तो व्हिडिओ," म्हणत तिने मोबाइल हातात घेतला.

"काकू, डिलीट करू नका," एजंट घाईने म्हणाला. "तो आहे म्हणून दुसरं कोणीही याचं पेटंट घेऊन सुनीलभाऊंना अडवू शकणार नाही."

"म्हणजे माझं काम बंद पडत नाही ना?" सुनीलने विचारलं.

"नाही. पण तुम्हालाही कोणाला थांबवता येणार नाही."

"चालेल," म्हणाला आणि वर्कशॉपला निघून गेला. त्याला चाललं... मला अजून चाललेलं नाही.

पण रात्री घरी येऊन तो व्हिडिओ मी पुन्हा लावला. जन्मभर वाकून पऱ्हाट्या उपटणारी माझी आई त्यात ताठ उभी आहे... आणि हसतेय.