खात्याचा नवा प्रकार

जगातली सगळी माणसं तीन प्रकारांत बसतात, हे आमच्या सासऱ्यांना पटवून देणारा अजून जन्माला यायचाय. मामाजी बडनेऱ्याला तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर काळा कोट उतरला, पण नजर काही उतरली नाही. सासूबाई गेल्या आणि घर खायला उठलं, तेव्हा अमरावतीतल्या त्यांच्या सोसायटीनं त्यांना सचिव केलं आणि सभासदांची खाती, तक्रारी आणि फाटक सांभाळणारं सॉफ्टवेअर हाती दिलं. त्यात खात्यांचे प्रकार तीनच: मालक, भाडेकरू, पाहुणा. नवे प्रकार जोडायची सोय आहे, हे त्यांना मीच सांगितलं. अवदसा आठवली मला, दुसरं काय!

तेव्हापासून अकोल्याला माझा फोन वाजतोच आहे. "जवाईबापू, हे वरचे गुरुजी भाडेकरू नाही, तक्रारदार आहे. त्यायचा येगळा प्रकार करा. दिवसाले एकच तक्रार. दुसरी केली की पडद्यावर आलं पायजे, गुरुजी, पानी प्या." केला. गुरुजींनी त्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि त्या दिवसाचा कोटा तिथेच संपला. मग दूधवाल्यासाठी 'अर्धा घरचा' झाला: फाटकातून थेट आत, पण बैठकीत मत नाही.

दिवाळीला आम्ही गेलो, तर चौकीदारानं बायकोलाच अडवलं. "ताई, तुमचं खातं पाहुन्याचं आहे, मुदत संपली. साहेबायची मंजुरी पायजे." मंजुरीसाठी मामाजींचा फोन वाजला आणि ते बनियनवरच धावत खाली आले. "माह्या पोरीले पाहुनी म्हनते हे मशीन? लग्न झालं म्हनून?" आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. फराळाआधी मला संगणकापुढे बसवलं. नवा प्रकार झाला 'घरची': मुदत नाही, मंजुरी नाही, फाटक आपोआप उघडणार.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. फाटक निमूट उघडलं. पाहतो तर आत मामाजी इस्त्रीचा शर्ट घालून भर उन्हात उभे.

"बाबा, इथं काहून उभे?" बायको म्हणाली.

"मंग तू आली हे मले कसं समजन? मंजुरी नाही, तं फोन नाही ना वाजत आता."

"त्यात काय, मामाजी," मी म्हणालो, "घंटी जोडून देतो."

विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरच्या मानसासाठी घंटी काहून वाजवता, जवाईबापू?" आणि लेकीच्या हातची पिशवी घेऊन पुढे चालू लागले.

आता आम्ही पोचायची वेळ मुद्दाम तासभर उशिराची सांगतो, म्हणजे त्यांना उभं राहावं लागणार नाही. तरी फाटक उघडतं, तेव्हा ते उभेच असतात.