पिवळा कप

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि खरं सांगू? आता सांगतानाही लाज कमी आणि संताप जास्त येतोय. स्वतःचाच.

वोल्हा बेलारूसची. ड्रेस्डेनच्या विद्यापीठात आमची टेबलं शेजारी-शेजारी, दोघींच्या पीएचड्या रखडलेल्या. तिच्या देशात निवडणूक झाली, निकाल फिरवला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी त्यांना गुरासारखं बडवलं. इथल्या तिच्या लोकांनी चौकात निदर्शनं केली, मीही गेले. तिने आधीच बजावलं होतं — फोटो काढ, पण चेहरे नकोत, नावं तर अजिबात नकोत. तिची आई तिकडे सरकारी शाळेत शिकवत होती.

कळलं होतं ना मला? व्यवस्थित कळलं होतं.

तरी चहा प्यायला तिने मास्क खाली केला आणि मी फोटो काढला. आमच्या मराठी मंडळाचं फेसबुक पान तेव्हा मी सांभाळायचे. त्यावर टाकून दिला — गणपतीत आपल्याबरोबर मोदक वळणारी वोल्हा आज लोकशाहीसाठी रस्त्यावर. खाली इंग्रजीत तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. कशाला? मिरवायला, दुसरं काय. बघा, माझ्या मैत्रिणी कसल्या आहेत ते. लोकांनी वाहवा केली आणि मी बया दिवसभर फोन उघडून ती मोजत बसले.

तीन आठवड्यांनी तिच्या आईला मुख्याध्यापकांनी बोलावलं, एक फोटो समोर ठेवला आणि कायमचं घरी पाठवलं. वोल्हा हे ऑफिसच्या किचनमध्ये रडत सांगत होती. फोटोत तिच्या हातात पिवळा कप होता म्हणे. कप माझा, थर्मासातला चहाही माझाच.

मी टॉयलेटमध्ये गेले आणि पोस्ट उडवली. इथवर भित्रेपणा म्हणा. पण पुढचं? बाहेर येऊन मीच म्हणाले, "अलेस खूप फोटो काढत होता ना त्या दिवशी?"

अलेस तिच्याच गावचा, बालपणापासूनचा मित्र. त्याने शपथा घेतल्या, फोन उघडून दाखवला. कुणी ऐकलं नाही. फितूर म्हणून सगळ्यांनी त्याला वाळीत टाकलं आणि महिन्याभरात तो शहर सोडून गेला. आणि मी काय करत होते? त्यांच्या देशातल्या खोटारड्यांना तावातावाने शिव्या घालत होते. लोक माना डोलवत होते, मला आणखीच चेव येत होता. कुठल्या तोंडाने बोलत होते मी?

गेल्या उन्हाळ्यात वोल्हाचं लग्न झालं, इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयात, रजिस्टर पद्धतीने. आईला तिकडून येता आलं नाही. अलेसला बोलावणं नव्हतं. साक्षीदार म्हणून तिने मला उभं केलं — डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी तूच आहेस, म्हणाली.

मी पैठणी नेसून गेले. अधिकाऱ्याने कागद पुढे केला, पेन दिलं. मी सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.